लष्करी कोठडी, लष्करी खटला आणि सलीम हमदान

माघवारी

'अतिरेक्याला कसला वकील आणि कसला खटला, सरळ लष्कराच्या ताब्यात द्या.' प्रत्येक हल्ल्यानंतर हे वाक्य ऐकू येतं. बार रूममध्ये ऐकू येतं, पार्क चौकातल्या चहाच्या टपरीवरही. मी सोलापूर कोर्टात फौजदारी वकिली करतो. या मागणीमागचा राग मला कळतो. पण हा प्रयोग एका मोठ्या देशाने खरोखर करून पाहिला आहे. त्यातून काय हाती लागलं ते मांडावं म्हणून हा धागा.

१३ नोव्हेंबर २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी आदेश काढला. दहशतवादाचा संशय असलेल्या परदेशी माणसाला लष्कराने डांबून ठेवायचं आणि खटला चालवायचा तर तो लष्करी आयोगापुढे. जानेवारी २००२ पासून क्यूबातल्या ग्वांटानामो बे या अमेरिकी नौदल तळावर कैदी आणले जाऊ लागले. एकूण सुमारे ७८० माणसं तिथे ठेवली गेली. बहुतेकांवर कधी आरोपच ठेवला गेला नाही.

त्यातला एक सलीम हमदान. येमेनचा, बेताच्या शिक्षणाचा. महिना सुमारे २०० डॉलर पगारावर बिन लादेनची गाडी चालवायचा. नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानात पकडला गेला, तेव्हा गाडीत दोन क्षेपणास्त्रं सापडली. म्हणजे तो साधाभोळा वाटसरू नव्हता, हे आधीच सांगतो. त्याच्या बचावासाठी नौदलातले वकील चार्ल्स स्विफ्ट नेमले गेले. त्यांना हमदानला भेटू दिलं, पण अट अशी की गुन्हा कबूल करण्याबद्दलच बोलणी करायची. स्विफ्टनी वेगळं केलं. नील कात्याल या भारतीय वंशाच्या वकिलाला सोबत घेऊन थेट स्वतःच्या सरकारविरुद्ध दाद मागितली. नौदलाच्या गणवेशातला अधिकारी, नाव 'हमदान विरुद्ध रम्सफेल्ड', आणि प्रतिवादी स्वतःचाच संरक्षणमंत्री.

२९ जून २००६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला की हे आयोग बेकायदा आहेत. कारणं दोन. एक, अमेरिकेच्याच लष्करी कायद्याने कोर्ट मार्शलसाठी जी पद्धत घालून दिली आहे ती सोडून सरकारने मनाने नवीन पद्धत काढली. आरोपीला बाहेर ठेवून त्याच्याविरुद्धचा पुरावा घेता येईल अशी सोय त्यात होती. दुसरं, जिनिव्हा करारांचं तिसरं कलम. युद्धात पकडलेल्या माणसाला शिक्षा द्यायची तर ती रीतसर स्थापन झालेल्या न्यायालयाने द्यायला हवी, असं ते कलम सांगतं.

मग अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याच वर्षी नवा कायदा करून आयोग पुन्हा उभे केले आणि २००८ मध्ये हमदानचा खटला चालला. आता निकाल बघा. कटाच्या आरोपातून निर्दोष. दहशतवादाला मदत केल्याबद्दल दोषी. सरकारने तीस वर्षांची शिक्षा मागितली होती, लष्करी अधिकाऱ्यांच्याच पंचमंडळाने ६६ महिने दिली आणि त्यातले ६१ आधीच भोगलेले धरले. नोव्हेंबर २००८ मध्ये तो येमेनला परत गेला. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती शिक्षाही रद्द केली, कारण ज्या काळातलं कृत्य होतं त्या काळात 'मदत' हा युद्धगुन्हा नव्हताच.

एवढा खटाटोप, एवढी वर्षं, आणि शेवटी हातात शून्य. दहशतवाद्याला कठोर शिक्षा व्हावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी आधी हा हिशोब बघावा, अशी माझी विनंती आहे.

निवृत्त_सुभेदार

वकीलसाहेब, माहिती चांगली दिली. पण एक गोष्ट मला खटकली. आपण 'लष्करी खटला' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, लष्करात कोर्ट म्हणजे मनमानी. मी पायदळात नोकरी केली. आमच्याकडे एखाद्या जवानावर आरोप आला तर आधी कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे प्राथमिक चौकशी, मग समरी ऑफ एव्हिडन्स म्हणजे साक्षींची लेखी नोंद, मग चार्जशीट. जनरल कोर्ट मार्शल असेल तर आरोपीला डिफेंडिंग ऑफिसर मिळतो, बाहेरचा वकील लावता येतो, साक्षीदारांची उलटतपासणी होते. शिक्षा वरिष्ठांनी कन्फर्म केल्याशिवाय लागू होत नाही. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरणही आलं. ही शिस्त आहे. तिला नावं ठेवू नका.

माघवारी

सुभेदारसाहेब, नावं ठेवतच नाही. तुम्ही सांगितलंत तोच तर अमेरिकी न्यायालयाचा मुद्दा होता. कोर्ट मार्शलची जी चौकट स्वतःच्या सैनिकासाठी चांगली आहे, ती शत्रूपक्षाच्या माणसासाठी का मोडली? आयोग म्हणजे कोर्ट मार्शल नव्हे. आणि त्या चौकटीचा मान राखला तो स्विफ्टसारख्या लष्करी वकिलांनीच. निकालानंतर स्विफ्ट यांना बढती मिळाली नाही आणि त्यांना नौदल सोडावं लागलं. हमदानला कमी शिक्षा देणारे पंचही गणवेशातलेच होते. सैनिकांबद्दल माझ्या मनात आदरच वाढला.

यंत्रमाग

असं कसं म्हणता ओ वकीलसाहेब. मी अशोक चौकाजवळ राहतो. माझे मामा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीला होते, सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायला. सोलापूरची किती तरी माणसं रोज रात्री त्याच हॉलमधून जातात. मामा वाचले, पण त्यांच्या शेजारी बसलेलं कुटुंब वाचलं नाही. त्या स्टेशनवर ५८ माणसं गेली. मामांना अजून फटाक्याचा आवाज सहन होत नाही, दिवाळीत दार लावून बसतात. तुम्ही जिनिव्हा करार सांगा की त्यांना. कसाबला चार वर्षं पोसलं, बिर्याणी दिली म्हणून लोक रागावले ते उगाच नाही.

रेणुका_दक्षिणकसबा

यंत्रमाग दादा, तुमच्या मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. बिर्याणीचं मात्र खरं नाही. खटला चालवणारे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी नंतर स्वतः जाहीर सांगितलं की ती गोष्ट त्यांनीच रचली होती, आरोपीबद्दल निर्माण होत असलेली सहानुभूती थोपवायला.

आता खटल्याचं बघू. ऑर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय उभं केलं. न्यायाधीश एम. एल. टहलियानी. खटला एप्रिल २००९ मध्ये सुरू झाला, ३ मे २०१० ला दोषी ठरवलं, ६ मे ला फाशीची शिक्षा. फेब्रुवारी २०११ ला हायकोर्ट, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालय, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. हल्ल्यानंतर चार वर्षांच्या आत सगळं पार पडलं. साक्षीदारांमध्ये सीएसटीवर पायाला गोळी लागलेली लहान मुलगी होती. ती कुबड्या घेऊन आली आणि न्यायालयात कसाबकडे बोट दाखवून याने गोळ्या झाडल्या म्हणाली. लष्करी तळावर बंद दाराआड खटला चालला असता तर तिला हे जगासमोर सांगता आलं असतं का?

आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, वरच्या दोन्ही न्यायालयांत ती सुटका कायम राहिली. म्हणून फाशीच्या निकालावरही जगात कोणी बोट ठेवू शकलं नाही.

माघवारी

रेणुकाताईंनी मुद्दा नेमका पकडला. याच्या शेजारी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याचा खटला ठेवा. त्यातला मुख्य आरोपी खालिद शेख मोहम्मद रावळपिंडीत पकडला गेला तो १ मार्च २००३ ला. आधी सीआयएच्या गुप्त तुरुंगांत. तिथे त्याच्या नाकातोंडावर पाणी ओतून बुडण्याचा अनुभव देण्याचा प्रकार १८३ वेळा केला गेला, हे अमेरिकी सरकारच्याच कागदांत आहे. २००६ मध्ये ग्वांटानामो. २००८ मध्ये आरोपपत्र, ते मागे घेतलं. २०१२ मध्ये पुन्हा आरोपपत्र. त्यानंतर न्यायाधीशांमागून न्यायाधीश बदलले. २०२४ च्या जुलैअखेर तो आणि त्याचे दोन साथीदार जन्मठेपेच्या बदल्यात गुन्हा कबूल करायला तयार झाले. दोनच दिवसांत संरक्षणमंत्री ऑस्टिन यांनी तो करार रद्द केला, आणि ११ जुलै २०२५ ला अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी तो रद्द करणं योग्य ठरवलं. तीन हजारांच्या आसपास माणसं मेली आणि मुख्य आरोपीचा खटला अजून पूर्वतयारीतच अडकला.

अडकला का? छळामुळे. जबाब मारून काढला की पुढचा प्रत्येक पुरावा संशयात येतो. एप्रिल २०२५ मध्ये लष्करी न्यायाधीशांनी याच खटल्यातल्या अम्मार अल बलुचीचा कबुलीजबाब याच कारणाने बाद केला. दुसरा आरोपी रामझी बिन अल शिभ मानसिकदृष्ट्या खटल्याला उभा राहण्याच्या अवस्थेत नाही म्हणून २०२३ मध्ये वेगळा काढावा लागला.

त्या न्यायालयात प्रेक्षक जाड काचेमागे बसतात आणि आतला आवाज त्यांना ४० सेकंद उशिरा ऐकू येतो, मध्ये काही गुप्त निघालं तर तोडता यावा म्हणून. जानेवारी २०१३ मध्ये एकदा आवाज अचानक बंद झाला आणि तो कोणी बंद केला हे न्यायाधीशांनाच माहीत नव्हतं. बाहेरून कोणीतरी बटण दाबलं होतं. कोर्टात उभं राहण्यात माझं आयुष्य गेलं. ज्या न्यायाधीशाच्या हातात स्वतःच्या दालनाचं बटण नाही, त्याच्यापुढे युक्तिवाद करणाऱ्या वकिलांचं मला फार वाईट वाटतं.

त्याच हल्ल्याच्या कटात सामील असलेला झकारियास मुसावी मात्र साध्या फेडरल, म्हणजे नेहमीच्या नागरी, न्यायालयात उभा राहिला आणि २००६ मध्ये जन्मठेपेवर गेला.

भुईकोट

मला यात एक विरोध नोंदवायचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा. दहशतवाद्याच्या खटल्याची चर्चा सोलापुरात निघाली की कोणीतरी १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी शहरावर लादलेला लष्करी अंमल, मध्ये आणतो. इथेही येणार हे दिसतंच आहे. त्या वेळच्या प्रकरणात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांची नावं बिन लादेनच्या ड्रायव्हरच्या बाजूला लिहू नयेत. दर १२ जानेवारीला आम्ही चार पुतळ्यांपाशी जातो. ती माणसं देशासाठी गेली.

माघवारी

भुईकोट, माणसांची तुलना मीही करणार नाही, कोणीच करू नये. पण मार्शल लॉ मध्ये आणायलाच हवा, कारण लष्कराच्या हाती न्याय दिला की काय होतं ते आपल्या शहराने अंगावर घेतलं आहे. गांधीजींना ५ मे १९३० ला अटक झाली. ८ मेला शहर उसळलं, गोळीबारात शंकर शिवदारे पडले, मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटली, दोन पोलीस मारले गेले. १२ मे ते ३० जून सोलापूर लष्कराच्या ताब्यात होतं. राष्ट्रध्वज घेऊन रस्त्यावर येणं हाही गुन्हा. लष्करी न्यायालयांनी संपादकांना, नगरपालिकेतल्या लोकांना, काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना पाहता पाहता वर्षावर्षांच्या सक्तमजुऱ्या ठोठावल्या. सरकारच्या नजरेत हे सगळे 'दंगेखोर' होते. मी एवढंच म्हणतो की धोकादायक माणूस कोण, हे ठरवण्याचा हक्क एकाच हातात गेला की तो हात कोणावरही पडू शकतो. तेव्हा आपल्यावर पडला.

सीना_काठ

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थोडी भर. चार हुतात्म्यांना फाशी लष्करी न्यायालयाने दिली नाही. त्यांच्यावरचा खुनाचा खटला नेहमीच्या फौजदारी न्यायालयात चालला, हायकोर्टात अपील झालं, आणि तरी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. म्हणजे नागरी न्यायालय असलं की न्याय होतोच असं नाही. वकीलसाहेबांच्या मांडणीत या गोष्टीला जागा काय?

माघवारी

मोठी जागा आहे, सीना_काठ. नागरी न्यायालय म्हणजे न्यायाची हमी असं मी कुठेच म्हणत नाही. परक्या सत्तेच्या न्यायालयाने फाशी द्यायची ठरवली आणि दिली. पण तो खटला उघड चालला म्हणून साक्षी कागदावर आल्या, अपिलाचे युक्तिवाद झाले, देशभर सभा झाल्या. आज आपण तो निकाल चुकीचा होता असं पुराव्यानिशी म्हणू शकतो. लष्करी न्यायालयांतून गेलेल्या कित्येकांच्या बाबतीत तेवढंही करता येत नाही. बहुतेकांची नावंसुद्धा शहराला माहीत नाहीत.

आणि त्याच मार्शल लॉमधून मुंबई हायकोर्टाचा 'चन्नप्पा शांतिरप्पा विरुद्ध एम्परर' हा निकाल आला. मार्शल लॉची खरोखर गरज होती की नव्हती हे न्यायालय तपासू शकतं, हे तत्त्व त्यात आहे. राज्यघटनेचा तास घेताना प्राध्यापक हा निकाल सांगतात. सोलापूरच्या मुलांना तो आपल्या गावचा आहे हे मात्र कोणी सांगत नाही.

यंत्रमाग

ठीक हाय साहेब, कसाबचं पटलं. पण मग मुंबईच्या लोकल गाड्यांचं काय? ११ जुलै २००६ ला स्फोट झाले. मोक्का न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराच्या बारा सोडले. एकोणीस वर्षं! ते निर्दोष असतील तर त्यांची एकोणीस वर्षं कोण परत देणार? आणि मग स्फोट कोणी केले? मेलेल्यांच्या घरच्यांनी कोणाकडं बघायचं? हीच का तुमची चांगली व्यवस्था?

निवृत्त_सुभेदार

यंत्रमाग यांचा प्रश्न योग्य आहे. आमच्या काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये ज्याला जीव धोक्यात घालून पकडून द्यायचो, तो काही वर्षांनी बाजारात फिरताना दिसायचा. जवानाच्या मनावर याचा काय परिणाम होतो हे वकिलांनी समजून घ्यावं. मी लष्करी आयोग मागत नाही. पण तपास नीट करा, लवकर करा, एवढं तरी मागू की नको?

माघवारी

मागायलाच हवं. लोकल स्फोटांच्या निकालाचा मला त्रास झाला, कोणत्याही बाजूने बघितलं तरी. हायकोर्टाने फिर्यादी पक्षाचा पुरावा एकेक करून तपासला आणि कबुलीजबाबांवर विश्वास ठेवायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच आठवड्यात हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. पुढे जे व्हायचं ते होईल. पण कोठडीत मारून घेतलेली कबुली ग्वांटानामोत जशी कोसळली तशीच इथे. दोन्हीकडे रोग एकच आहे, वेगळं आहे ते एवढंच की आपल्याकडे कोणीतरी स्वतंत्रपणे तो कागद वाचला. ग्वांटानामोत कैद्याला साधी हेबियस कॉर्पसची, म्हणजे आपली कोठडी बेकायदा आहे अशी, याचिका करता येते हे ठरायलाच २००८ चा बुमेदियन निकाल यावा लागला, तोही ५ विरुद्ध ४ असा.

आणि यूएपीए या आपल्या दहशतवादविरोधी कायद्याचंही तोंड लपवायला नको. आरोपपत्राविना १८० दिवस कोठडी, आणि कलम ४३ ड (५) मुळे जामीन जवळपास अशक्य. शिक्षा व्हायच्या आधीच शिक्षा भोगून होते. माझ्याकडे कोठडीतल्या मुलांच्या आया येतात, चार-चार वर्षं तारखा घेऊन जातात. सुभेदारसाहेब म्हणतात ते नीट आणि लवकर दोन्ही बाजूंना हवं आहे.

रेणुका_दक्षिणकसबा

एक उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून लिहिते. कुलभूषण जाधव. आपल्या सांगलीकडचं घराणं, निवृत्त नौदल अधिकारी. पाकिस्तान म्हणतं मार्च २०१६ मध्ये बलुचिस्तानात पकडलं, भारत म्हणतो इराणमधून पळवून नेलं. पाकिस्तानने त्यांना हेर आणि दहशतवादी ठरवून लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि १० एप्रिल २०१७ ला फाशी जाहीर केली. भारताच्या वकिलातीला एकदाही भेटू दिलं नव्हतं. कुठला पुरावा, कुठला साक्षीदार, काही कळलं नाही. जी चित्रफीत दाखवली ती कबुलीची.

तेव्हा आपण काय म्हणालो? हा खटला नाही, फार्स आहे. मलाही तसंच वाटलं, आणि ते खरंच होतं. आपल्या नागपूरच्या हरीश साळवे यांनी एक रुपया घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात बाजू मांडली. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी निकाल आला की पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम मोडलं, शिक्षेचा प्रभावी फेरविचार करावा आणि तोवर फाशी देऊ नये. सुटका मात्र दिली नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटायला गेल्या तेव्हा मध्ये काच होती. मंगळसूत्र काढायला लावलं. आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही. ती बातमी वाचताना माझ्या सासूबाई देवघरासमोर जाऊन बसल्या होत्या. आपल्या माणसासाठी आपण जे मागतो, वकील, भेट, उघड पुरावा, ते मागण्याचा आपला हक्क कशावर टिकतो? तेच आपण दुसऱ्यांना देतो यावरच ना?

भुईकोट

रेणुकाताई, हे उदाहरण आधी यायला हवं होतं. माझा विरोध नावं शेजारी लिहिण्याला होता आणि तो राहीलच. पण लष्करी न्यायालयाबद्दलचा मुद्दा मला आता मान्य आहे. जाधवांना जे नाकारलं ते कोणालाच नाकारू नये.

यंत्रमाग

मामांना काल हा धागा वाचून दाखवला. कसाबच्या खटल्यातल्या मुलीच्या साक्षीचं, म्हणजे कुबड्यावाल्या पोरीचं वाचलं तेव्हा ते थांबव म्हणाले आणि परत वाच म्हणाले. त्यांनी एकच विचारलं. तो राणा आणला होता अमेरिकेतून, त्याचं काय चाललंय?

माघवारी

मामांना माझा नमस्कार सांगा. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा, त्याला १० एप्रिल २०२५ ला भारतात आणलं. त्याआधी अमेरिकेतल्या न्यायालयांत त्याने प्रत्यार्पणाविरुद्ध एकेक पायरी लढून पाहिली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत हरला. त्याचं प्रकरण दिल्लीत एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेच्या, विशेष न्यायालयापुढे आहे, लष्करापुढे नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून त्याला वकील दिला गेला. सीएसटीवरच्या साक्षीदारांना पुन्हा बोलवायची वेळ आली आणि मामांना समन्स आलं, तर त्यांना एकटं जाऊ देऊ नका. मला कळवा, मी सिद्धेश्वरने त्यांच्यासोबत येतो.